बाबा, हसू नका, टाके आहेत!

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग डोंबिवलीतल्या आमच्या घरातूनच रेकॉर्ड करतोय. पंखा बंद आहे, घाम येतोय, आणि मध्येच लोकलचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या. आमच्याकडे तो फुकट मिळणारा बॅकग्राउंड म्युझिक आहे.

तीन आठवडे भाग आला नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं. कारण सांगतो. बाबा हॉस्पिटलमध्ये होते. आता घरी आहेत, ठीक आहेत, बाजूच्या खोलीत टीव्हीवर कुणाला तरी सल्ला देतायत. म्हणजे बरे झालेत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढची वीस मिनिटं श्वास रोखून बसाल.

तर झालं असं. रात्री दीडच्या सुमाराला बाबांच्या पोटात दुखायला लागलं. आमच्या घरी पोटदुखीची एक ठरलेली प्रोसेस आहे. आधी ओवा, मग हिंगाचं पाणी, मग "काल बाहेरचं काय खाल्लंस?" ही चौकशी. त्या रात्री तिन्ही गोष्टी झाल्या, पण दुखणं पाठीपर्यंत गेलं आणि बाबा सरळ बसू शकेनात. माझे बाबा पोट धरून वाकलेत, हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. रिक्षा केली आणि निघालो.

निदान झालं ते असं. पित्ताशयात खडे होते, त्यातला एक खाली सरकून नळीच्या तोंडाशी अडकला आणि त्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली. डॉक्टर त्याला पॅन्क्रिअटायटिस म्हणाले. स्वादुपिंड अन्न पचवणारे रस तयार करतं. रस्ता बंद झाला की ते रस स्वतःच्याच अवयवाला त्रास द्यायला लागतात. उपचार काय? तोंडाने काही द्यायचं नाही, सलाईन, वेदनाशामक, आणि लक्ष ठेवायचं. "पुढचे ४८ तास बघू," असं डॉक्टर म्हणाले आणि बाबांना आयसीयूत नेलं.

"बघू" हा शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. पिक्चरला जायचं का? बघू. गावाला येणार का? बघू. त्या रात्री तो शब्द किती जड असतो ते कळलं.

आता आयसीयूबाहेरचा पॅसेज. ज्यांनी तिथे रात्र काढलीय त्यांना माहीत आहे. लोखंडी खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, एक जण हलला की पाचही जण हलतात. चार्जिंगचा पॉइंट एकच. त्या पॉइंटमुळे तिथे लोकशाही येते. वीस मिनिटं तुमचा फोन, वीस मिनिटं माझा. आणि थोड्या थोड्या वेळानं दार उघडून मामा आवाज देतात, "चार नंबरचे नातेवाईक!" माझं नाव, माझी कंपनी, बीटेक, सगळं गेलं. मी चार नंबरचा नातेवाईक.

पहिल्या रात्री मी काय केलं? आपली जमात जे करते तेच. रिपोर्टचा फोटो काढला आणि एकेक आकडा सर्च केला. आम्ही सर्व्हर पडला की लॉग वाचतो ना, तसं. लायपेज नावाचं एन्झाइम नॉर्मलच्या कितीतरी पट वाढलं होतं. तो आकडा बघून माझे हातपाय गार पडले. सकाळी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "अरे, त्या आकड्यावरून निदान होतं. आजार किती गंभीर आहे ते त्यावरून ठरत नाही." म्हणजे मी रात्रभर चुकीच्या लॉगकडे बघून घाबरत होतो.

दुसऱ्या रात्री ठरवलं की आता काही सर्च करायचं नाही. इअरफोन घातले आणि व्हिडिओ लावले. मांजर टेबलावरून ग्लास पाडतंय. कुणाच्या तरी लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरायला तयार नाही. एक माणूस कुकरची शिट्टी तोंडाने काढतोय. अंगठा वर, पुढचा. अंगठा वर, पुढचा. रात्रीचे अडीच वाजले होते आणि त्या शिट्टीवाल्याला बघून मी खरंच जोरात हसलो. पॅसेजभर आवाज गेला असणार.

आणि तेवढ्यात कुणीतरी खांद्याला हात लावला. समोरच्या खुर्चीवरच्या काकू होत्या. त्यांचे मिस्टर सहा नंबरला. त्या म्हणाल्या, "बाळा, चार नंबर तुझाच ना? तीनदा हाक मारली त्यांनी."

इअरफोन काढले. दारात मामा उभे होते, हातात चिठ्ठी. एक इंजेक्शन खालच्या मेडिकलमधून आणायचं होतं, बस्स. पण दुसऱ्या मजल्यावरून खाली जाईपर्यंत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मी इथे सांगणार नाही. इंजेक्शन दिलं, परत येऊन बसलो. काकू काही बोलल्या नाहीत. उलट त्यांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. त्यांच्या नवऱ्याची अवस्था बाबांपेक्षा वाईट होती आणि त्यांच्यासमोर मी खिदळत होतो. त्या रात्री मी फोन पालथा घालून ठेवला.

म्हणून हा भाग करावासा वाटला. हॉस्पिटलात बसून फोनवर हसणं चूक आहे का? त्या रात्री वाटलं, हो. आठ दिवसांनी वाटलं, नाही. मधे काय झालं ते सांगतो.

चौथ्या दिवशी बाबांना वॉर्डमध्ये आणलं. दोन पेशंटची खोली. शेजारच्या पलंगावर ठाकुर्लीचे एक काका, पायाला प्लास्टर. मी लॅपटॉप घेऊन तिथेच बसायला लागलो. ऐरोलीचं ऑफिस आठवडाभर पॅसेजमधून चालवलं. स्टँडअप मीटिंगमध्ये मॅनेजर विचारतोय "एनी ब्लॉकर्स?" आणि मागे मावशी ओरडतायत, "चार नंबरला लघवी झाली का?" मी म्यूटवर नव्हतो. असो.

खरा प्रश्न वेगळा होता. बाबांशी बोलायचं काय? माझे बाबा डोंबिवलीचे बाबा आहेत. सकाळी मी उठायच्या आत ते गाडीत, रात्री मी जेवून झोपायच्या बेतात असताना ते घरी. फोर्टमध्ये एका विमा कंपनीत छत्तीस वर्षं. मी हिशोब केला. वर्षाला २८० दिवस, रोजचे जाऊन-येऊन तीन तास. तीस हजारांच्या वर तास होतात. म्हणजे माणसानं आयुष्यातली जवळजवळ साडेतीन वर्षं, दिवस-रात्र धरून, लोकलमध्ये काढली. माझ्या वाट्याला रविवार आला, आणि रविवारी ते झोपायचे.

त्यामुळे आमचं संभाषण असं:

"जेवलास?"

"हो."

"ऑफिस?"

"चालू आहे."

"हं."

मग दोघं सलाईनच्या थेंबांकडे बघायचो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी लांबून गाडीचा आवाज आला. बाबा डोळे मिटून म्हणाले, "ही फास्ट." मी म्हटलं, "कशावरून?" ते म्हणाले, "आवाजावरून." मला राहवलं नाही. एम-इंडिकेटर उघडलं आणि गाडी कुठे आहे ते बघितलं. फास्टच होती! मग आमचा खेळच सुरू झाला. आवाज आला की बाबा सांगणार, स्लो की फास्ट, कल्याणकडे की मुंबईकडे, आणि मी फोनवर तपासणार. प्लास्टरवाले काकाही त्यात उतरले. काका ठाकुर्लीचे, म्हणजे जन्मभर स्लो गाडीवाले. फास्ट ओळखता येईना, तर म्हणे, "आमच्याकडे ती थांबतच नाही, ओळख कशी होणार!"

त्या अ‍ॅपमध्ये प्रवाशांचं चॅट असतं. गाडी कुठे अडकलीय, दिव्याला किती वेळ थांबली, कोण कुणाला ढकललं. बाबांना मी ते वाचून दाखवायला लागलो. अहो, मालिकेसारखं! एक जण विचारतोय गाडी कुठे आहे, दुसरा म्हणतो जिथे काल होती तिथेच. बाबांच्या चेहऱ्यावर पाच दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

सहाव्या दिवशी मी त्यांना विचारलं, "बाबा, ऑफिसला जायचं का?"

ते म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी गूगल मॅप्समधला स्ट्रीट व्ह्यू उघडला. आपल्याकडे हे २७ जुलै २०२२ ला सुरू झालं, पहिल्या दहा शहरांत मुंबई होती. पुणे, नाशिक आणि नगरही होतं. गाडीवर कॅमेरे लावून रस्त्याचे चौफेर फोटो काढलेले असतात, आपण बोटानं पुढे पुढे सरकायचं. मी सीएसएमटीसमोर उभा राहिलो. बाबा अजून व्हीटीच म्हणतात. स्टेशनचं नाव १९९६ ला बदललं, २०१७ ला त्यात 'महाराज' आलं, पण बाबांची गाडी व्हीटीलाच पोचते.

बाबा म्हणाले, "इथून सबवेत उतर."

"अहो बाबा, सबवेत गाडी कशी जाईल?"

"मग रस्ता कसा ओलांडणार? मरायचंय का?"

कसंबसं ओलांडून डी. एन. रोडला लागलो. तिथे जुन्या इमारतींच्या खालून फुटपाथ जातो, वर छप्पर, बाजूला कमानी. सलग. पावसात छत्री न उघडता चालता येतं. पण कॅमेऱ्याची गाडी रस्त्यावरून गेलेली. बाबांना ते पटेना. "मी कमानीखालून चालायचो. तू मला बसच्या मधून नेतोयस." मी म्हटलं, "बाबा, इंटरनेटवर फुटपाथ नाही." तर म्हणतात, "मुंबईत तरी कुठे आहे!"

एका कोपऱ्यावर त्यांनी माझा हात धरला. "थांब. मागे घे. इथे एक माणूस बसायचा, पेनं दुरुस्त करायचा. तुझ्या दहावीचं पेन इथून घेतलेलं." फोटोत तिथे मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. आम्ही दोघं त्या कव्हरांकडे बघत राहिलो. माझं दहावीचं पेन मला आठवत होतं. ते कुठून आलं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

पाऊण तास लागला आम्हाला ऑफिसच्या दारापर्यंत. बाबा रोज दहा मिनिटांत जायचे. पोचल्यावर म्हणाले, "लेट मार्क लागला." आणि झोपले.

पुढचे दोन दिवस आम्ही बरंच फिरलो. खिडकी हा आमच्या खोलीचा कमजोर भाग होता. बाहेर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, तीन एसीचे डबे आणि कुणाची तरी एक कायम वाळत घातलेली पॅन्ट. मी बाबांना एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत रॉजर उलरिक नावाचे संशोधक होते. त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या आणि १९८४ मध्ये निबंध लिहिला. पेशंट ४६, २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांना विटांची भिंत. सगळ्यांचं ऑपरेशन एकच, आणि ऐका, पित्ताशयाचंच! झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली.

बाबांनी आमच्या खिडकीतल्या पॅन्टकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे आपलं बिल वाढणार."

मग मी विंडोस्वॅप उघडलं. ही साइट सिंगापूरमधल्या सोनाली रणजित आणि वैष्णव बालसुब्रमण्यम या जोडप्यानं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू केली. जगभरातले लोक आपल्या खिडकीतून दिसणारं दृश्य दहा मिनिटं शूट करून पाठवतात. बटण दाबायचं, कुणाची तरी खिडकी उघडते. कुठे पाऊस, कुठे बाग, कुठे खिडकीत मांजर. मला वाटलं बाबांना शांत वाटेल. बाबांचं निरीक्षण वेगळंच. "ह्यांच्या खिडकीला ग्रील नाही. चोर येत नाहीत?" पुढची खिडकी. "ह्यांचे कपडे कुठे वाळतात?" पुढची. "ह्यांनी खिडकीत काहीच कोंबलेलं नाही, घरात माणसं राहतात ना नक्की?" काका पलीकडून म्हणाले, "भाड्यानं दिली असेल." मला हसू आवरेना.

स्वादुपिंडाची सूज उतरल्यावर डॉक्टरांनी त्याच मुक्कामात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरवलं, नाहीतर पुन्हा खडा सरकण्याची भीती. ऑपरेशन नीट झालं. पोटावर चार छोटी छिद्रं. आणि मग नवीन अडचण आली, हसलं की दुखतं. सिस्टरनी त्यांना उशी दिली, "खोकला आला की पोटावर दाबून धरा." दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःच म्हणाले, "ते गाडीवाल्यांचं भांडण लाव." मी वाचायला लागलो. बाबांनी उशी घट्ट धरली, डोळ्यांतून पाणी, आवाज नाही, फक्त पलंग हलतोय. आई दारात डबा घेऊन उभी. "अरे, त्यांना काय होतंय!" मी म्हणतोय, "बाबा, हसू नका, टाके आहेत!" सिस्टर आल्या आणि मला बाहेर काढलं.

आता एक खुलासा, कारण आपल्याकडे लगेच फॉरवर्ड बनतो. हसून बाबा बरे झाले असं मी म्हणत नाहीये. नॉर्मन कझिन्स नावाचे अमेरिकन संपादक १९६४ मध्ये आजारी पडले. त्यांनी विनोदी सिनेमे बघितले आणि लिहिलं की दहा मिनिटं पोटभर हसलो की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते. १९७९ चं त्यांचं पुस्तक गाजलं. पण तो एका माणसाचा अनुभव. बाबांचं स्वादुपिंड सलाईननं, उपाशी राहण्यानं आणि डॉक्टरांमुळे सावरलं. हसण्यानं काय झालं? संध्याकाळचे पाच ते सात सरले. ज्यांनी ते दोन तास बघितलेत त्यांना त्याची किंमत माहीत आहे.

आणि हास्यक्लब तर आपल्या मुंबईतलाच. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला एका बागेत पाच माणसं घेऊन सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, टोचणारे सुरू झाले, लोकांना ते आवडेना. मग त्यांनी विनोदच बंद केले आणि नुसतं एकत्र हसायला लागले. मला हे आमच्या खोलीत कळलं. गाडीचं चॅट काही फार विनोदी नसतं हो. मी एकटा वाचलं असतं तर अंगठा वर, पुढचं.

डिस्चार्जच्या आदल्या रात्री लाइट घालवल्यावर बाबा अचानक बोलायला लागले. १९९३ साली माझे आजोबा परळला अ‍ॅडमिट होते. बाबा रोज ऑफिस सुटलं की तिकडे जायचे. "काय बोलायचात?" मी विचारलं. "काही नाही. आमच्यात बोलायची पद्धत नव्हती. मी पेपर न्यायचो. शब्दकोडं असायचं त्यात. आडवे शब्द ते, उभे मी."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "शेवटचं अर्धं राहिलं. उभे माझे झाले होते."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? अंधारात त्यांचा हात दिसत होता, सलाईनची सुई काढलेली, तिथे कापूस चिकटवलेला. मग तेच म्हणाले, "फोन किती टक्के आहे?" मी म्हटलं, "बारा." "मग ठेव. उद्या बघू."

ह्या वेळी "बघू" हलका वाटला.

जाता जाता, ज्यांचं कुणी आत्ता अ‍ॅडमिट आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, आयसीयूबाहेर एकच इअरफोन घाला, दुसरा कान दाराकडे. दोन, रिपोर्टचे आकडे रात्री सर्च करू नका, प्रश्न लिहून ठेवा, सकाळी राउंडला विचारा. तीन, पेशंटला विनोद फॉरवर्ड करू नका, पलंगाशेजारी बसून वाचून दाखवा, आणि ते जुने रस्ते, जुनी गाडी, जुनं गाव काय म्हणतात ते ऐका. चार, ऑपरेशन झालं असेल तर आधी उशी.

आणि सहा नंबरच्या काकू. त्यांचे मिस्टर आमच्या दोन दिवस आधी आयसीयूतून बाहेर आले. वॉर्डमध्ये भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "तो शिट्टीवाला कोण रे? तू त्या रात्री एवढा हसत होतास, दाखव ना ह्यांना." मी शोधला. सापडला नाही. तुमच्यापैकी कुणाला तोंडानं कुकरची शिट्टी काढणारा माणूस सापडला, तर मला नक्की पाठवा. मी तो काकूंना देणं लागतो.

चला, बाबा हाक मारतायत. ठाकुर्लीच्या काकांचा फोन आलाय, स्लो की फास्ट ओळखायचीय म्हणे.

काळजी घ्या, पुढच्या भागात भेटू!